निळी बाटली कुठे टाकायची?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलीला सल्ला द्यायला स्वतः परदेशी जाऊन आलेलं असावं लागत नाही. उलट न गेलेल्यांचे सल्ले जास्त ठाम असतात. माझ्या आत्याचा परदेश म्हणजे काठमांडू, तोही यात्रा कंपनीबरोबर. पण जर्मनीत बटाट्याखेरीज भाजी मिळत नाही ही बातमी तिनेच आमच्या घरी आणली, आणि आईने पुढची सगळी तयारी त्या बातमीवर विसंबून केली. मला जायचं होतं एका सत्रासाठी. ऑक्टोबरात जायचं, मार्चमध्ये परत. आईने बांधाबांध केली ती मात्र दुष्काळ पडणार असल्यासारखी. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं, जाडे पोहे, पातळ पोहे, छोटा कुकर, त्याची जादा रिंग. आणि कुरडया. कुरडयांनी अर्धी बॅग व्यापली, तेव्हा आई म्हणाली, "अगं, वजनाला काहीच नसतात त्या."

तूप तेवढं राहिलं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत, हा नियम मी काढून दाखवला. "तूप म्हणजे दूध थोडंच आहे?" आईने विचारलं. प्रश्न बिनतोड होता, पण कस्टमच्या माणसापुढे तो जर्मनमधून मांडण्याइतकं माझं जर्मन झालेलं नव्हतं.

विमान कंपनीने एका बॅगेला 23 किलोची मर्यादा घातली होती. बाबा आधी एकटे वजनकाट्यावर उभे राहायचे, मग बॅग उचलून उभे राहायचे आणि वजाबाकी करायचे. बॅग 22.8 भरली, तेव्हा उरलेले 200 ग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून तिथे दाण्याची चटणी बसवण्यात आली. आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, त्यांच्या धैर्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण त्यांच्या सामानाचं वजन कुणी काय केलं असेल, हा प्रश्न मला त्या आठवड्यात पहिल्यांदा पडला.

बॅगेपेक्षा कागद जड. जर्मन व्हिसासाठी तुमच्या नावाने एक खातं उघडावं लागतं आणि त्यात महिना 992 युरो या हिशेबाने मुक्कामभराचे पैसे आधीच भरून ठेवावे लागतात. तिथे गेल्यावर तेच पैसे तुम्हाला दरमहा थोडेथोडे मिळतात. पैसे आपले, पण एकदम मागितले तर मिळणार नाहीत. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. ही योजना वाचून ते इतके खूश झाले, की भारतातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना, आणि विशेषतः माझ्या धाकट्या भावाला, ती लागू करावी असं त्यांनी जेवताना जाहीर केलं.

शिवाय एक करार असतो. तिथे तुम्ही जे विषय घेणार ते इथल्या कुठल्या विषयांच्या बदल्यात, हे त्यात लिहायचं आणि दोन्हीकडच्या प्राध्यापकांच्या सह्या घ्यायच्या. सत्राला 30 क्रेडिट, आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचा अभ्यास. माझा विषय भाषाशास्त्र. सह्यांची हकीकत लांब आहे आणि प्रत्येकाच्या घरी तशी एक असतेच, म्हणून सोडून देते.

या सगळ्या धावपळीत निवांत एकटे आजोबा. गाव ग्योटिंगन आहे हे कळल्यावर त्यांची काळजीच मिटली. आजोबांनी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. त्यांच्या मते ग्योटिंगन ही डेक्कन कॉलेजची शाखा आहे. याला आधार एवढाच, की फ्रान्झ कीलहॉर्न नावाचा जर्मन पंडित 1866 साली पुण्याला डेक्कन कॉलेजात आला, पंधराएक वर्षं राहिला, इथल्या शास्त्र्यांच्या परंपरेतलं व्याकरण त्याने पचवलं, पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती हाती घेतली, आणि मग जर्मनीत परत जाऊन थेट ग्योटिंगनला संस्कृतचा प्राध्यापक झाला. त्याच ग्योटिंगनने 1885 साली आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मानद डॉक्टरेट दिली. "म्हणजे तू काही परक्या ठिकाणी चाललेली नाहीस," आजोबा म्हणाले. "एवढं कर, कीलहॉर्न कुठे राहायचा ते बघून ये." माझ्या अख्ख्या तयारीत अभ्यासाशी संबंध असलेलं हे एकच वाक्य कुणीतरी बोललं.

फ्रँकफर्टहून वेगवान गाडीने दोन तासांच्या आत ग्योटिंगन येतं. विद्यापीठ 1737 साली स्थापन झालेलं आणि त्याच्याभोवती गाव. जुन्या तटावरून चालत गावाला प्रदक्षिणा घालता येते. तटाला लागून एक छोटंसं गोल घर आहे, त्यात 1833 साली विद्यार्थी बिस्मार्क राहायचा. दंगामस्ती फार केली म्हणून त्याला गावाबाहेर काढलं होतं, असं सांगतात. पुढे ज्याने सगळी जर्मनी एक केली, त्याला घरमालक मिळेना, हे वाचून मला धीर आला. गावातल्या घरांच्या भिंतींवर जागोजाग पाट्या: इथे गाउस राहत होता, इथे ग्रिम बंधू. पाट्या वाचत रस्त्याने जायची सवय पुण्यात लागलेली असते. फरक इतकाच, की या पाट्यांवर कुणालाही दम दिलेला नव्हता. दम देणाऱ्या पाट्या घराच्या आत असतात, ते नंतर कळलं.

टाउन हॉलसमोर कारंज्यावर हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. नव्याने डॉक्टरेट मिळालेल्या प्रत्येकाने वर चढून त्या मुलीचा मुका घ्यायचा अशी तिथली रीत. हे फोनवर सांगितल्यावर आजोबा बराच वेळ गप्प झाले. शेवटी त्यांनी विचारलं, "भांडारकरांनासुद्धा?" मी वाचून सांगितलं, की पुतळा 1901 चा आहे आणि डॉक्टरसाहेबांची पदवी 1885 ची, शिवाय मानद. तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

राहायला चौघांचा फ्लॅट होता. चार खोल्या, एक स्वयंपाकघर. तिथे पहिल्यांदा काय करायचं तर नगरपालिकेत जाऊन आपण इथे राहतो अशी नोंद करायची. घरमालकाच्या पत्राशिवाय नोंद होत नाही, आणि नोंदीशिवाय पुढचं काहीच हलत नाही. नोंद झाली, की सरकारला तुमचा पत्ता कळतो, आणि थोड्याच दिवसांत आकाशवाणी-दूरदर्शनची वर्गणी मागणारं पत्र येतं. टीव्ही असो वा नसो, घरटी महिना 18.36 युरो. आमच्या समोरच्या खोलीतला हॅम्बुर्गचा मुलगा भौतिकशास्त्र शिकत होता. त्याने सगळ्यांच्या वतीने पैसे भरले आणि दर महिन्याला आम्हा तिघींकडे 4.59 युरोंची मागणी पाठवली. मी एकदा पाच युरोंची नोट पुढे केली. त्याने 41 सेंट परत दिले.

याच मुलाने माझा कुकर पहिल्यांदा ऐकला. शिट्टी झाली तेव्हा तो खोलीतून बाहेर आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.

"हे बंद कधी करायचं?"

"तीन शिट्ट्या झाल्या की."

"म्हणजे किती मिनिटं?"

"ते डाळीवर आहे."

त्याला हे पटलं नाही. पुढच्या वेळी तो घड्याळ घेऊन उभा राहिला. पहिल्या शिट्टीला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्यानंतरच्या भराभर येतात, हे त्याने नोंदवलं, त्यामागचं कारणही मला समजावून सांगितलं. माझ्या आजीला हे कारण माहीत नव्हतं आणि तिची डाळ कधी कच्ची राहिली नाही. पण हे मी त्याला सांगितलं नाही. मुलगा मेहनती होता.

वेळेच्या बाबतीत जर्मन माणूस काटेकोर, हे आपण ऐकलेलं असतं. विद्यापीठात मात्र वेळापत्रकावर '14 सी. टी.' असं लिहिलेलं असतं. सी. टी. ही लॅटिनमधली जुनी सवलत. तिचा अर्थ तास सव्वादोनला सुरू होणार. पंधरा मिनिटं उशीर, पण अधिकृत, आणि त्या उशिराला कुणी उशीर करत नाही. सव्वादोनला दार बंद. तास संपला, की मुलं टाळ्या न वाजवता मुठीने बाकं ठोकतात. आमच्या शाळेत याच गोष्टीसाठी वर्गाबाहेर काढायचे.

घड्याळाचा खरा घोळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी झाला. त्या दिवशी सगळी जर्मनी घड्याळं एक तास मागे घेते, आणि पुण्याशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. आईला हे मान्य नव्हतं. ती रोज रात्री साडेनऊला फोन करायची. आधी माझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असायचे, तास संपलेला असायचा. आता पाच, म्हणजे ऐन तासात. "सरकारने सांगितलं म्हणून आपण का वेळ बदलायची?" असं तिचं म्हणणं. मग मी दोन ओळींचा निरोप पाठवायची आणि ती उलट एकच प्रश्न विचारायची: काय खाल्लंस? दिवसभरात हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारत नसे. फ्लॅटमधले सगळे सज्जन होते, दार वाजवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, आणि म्हणूनच कुणी यायचंच नाही. डिसेंबरात तर दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळतो. त्या काळोखात, कुठे चाललीस, कधी येणार, बरोबर कोण आहे, हे पुण्यात ज्यांचा कंटाळा यायचा ते सगळे प्रश्न मी स्वतःलाच विचारायची आणि खरी उत्तरं द्यायची.

पण रुळण्याचं काम भाषेने किंवा जेवणाने झालं नाही. ते कचऱ्याने केलं.

पुण्यातला कचरा ओला किंवा सुका असतो. ग्योटिंगनमध्ये पिवळ्यात वेष्टनं, निळ्यात कागद, तपकिरीत स्वयंपाकघरातला ओला, काळ्यात उरलेला. काच वेगळी, तीही रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत रंगाप्रमाणे: पांढरी, हिरवी, तपकिरी. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर 25 सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये बाटली सारून परत घ्यायची. रद्दीवाल्याशी हुज्जत घालत वाढलेल्या माणसाला मशीन निमूटपणे पूर्ण पैसे देतं हे बरं वाटतं, पण चुकचुकल्यासारखंही होतं. आमच्या स्वयंपाकघरात या सगळ्याचा तक्ता लावलेला होता, तरी प्रश्न उरायचेच. चहाच्या पिशवीचं काय? तिला दोरा असतो, दोऱ्याला कागद असतो, कधीकधी बारीक पिन असते. पिझ्झाचा खोका कागदाचा, पण तेलकट. आणि निळी बाटली? पेट्या तीन, रंग चौथा.

"निळी हिरव्यात," हॅम्बुर्गचा मुलगा म्हणाला. "कुठल्याच रंगात बसत नसेल तर हिरव्यात. आणि कागद खराब झाला असेल तर तो कागद नाही, काळ्यात."

हे मी आजोबांना सांगितलं आणि फोनवर उत्सव झाला. कीलहॉर्नने पुण्यात असताना नागोजीभट्टाच्या परिभाषेंदुशेखराचं भाषांतर केलं होतं. तो ग्रंथ म्हणजे नियमांविषयीचे नियम: सूत्र कुठे लावायचं, कुठे नाही, दोन सूत्रांचं भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं. पाणिनीने सांगूनच ठेवलंय, तुल्यबळ नियमांच्या भांडणात नंतरचा जिंकतो. "बघ," आजोबा म्हणाले, "खोका कागदाचा हा आधीचा नियम, तेलकट हा नंतरचा. नंतरचा बलवान. आणि निळी बाटली म्हणजे शुद्ध परिभाषा! हा माणूस पंधरा वर्षं आपल्याकडे कशात रमला असेल, ते आता लक्षात आलं." कीलहॉर्न पुण्याला आला नसता तरी त्याच्या देशबांधवांनी बाटल्या अशाच निवडल्या असत्या, असं मला वाटतं. आजोबांना तसं वाटत नाही.

आमच्या इमारतीच्या नियमावलीत दुपारी 1 ते 3 शांतता पाळावी असं कलम होतं. पुण्याहून आलेल्या मुलीला यात काय नवल? उलट आमच्यापेक्षा एक तास कमीच. रात्री दहानंतरही शांतता. रविवारी दुकानं बंद, भिंतीला भोक पाडायचं नाही, आणि काच पेटीत टाकायची नाही, कारण आवाज होतो. हे सगळं मी पाळत होते, पण पाहुण्यासारखी, कुणी बघतंय म्हणून.

जानेवारीत एका रविवारी खालून खळ्ळकन आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं, तर फ्लॅटमधलीच सेव्हियाची मुलगी जॅमच्या बरण्या पेटीत टाकत होती. मी खिडकी उघडली आणि ओरडले, "अगं, आज रविवार आहे!" मराठीत. तिने वर बघितलं, हातातली बरणी पिशवीत परत ठेवली आणि जिना चढून वर आली. तिला अर्थ कसा कळला हे मी विचारलं नाही, आवाजात असणार. हॅम्बुर्गचा मुलगा स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. तो काही बोलला नाही, पण त्या महिन्याच्या 4.59 साठी मी पाच युरो दिले तेव्हा म्हणाला, राहू दे, पुढच्या वेळी बघू.

कीलहॉर्नचं घर काही मला सापडलं नाही. गाउसच्या, ग्रिम बंधूंच्या आणि बिस्मार्कच्या पाट्यांचे फोटो पाठवून मी आजोबांची समजूत काढू बघत होते, आणि दर फोटोला त्यांचं उत्तर यायचं, "बरं. आणि कीलहॉर्न?"

फेब्रुवारीत परीक्षा झाल्या. जर्मनीत सगळ्यात चांगला गुण 1.0, आणि 4.0 च्या पुढे गेलात की नापास. अर्थविचाराच्या पेपरात मला 1.3 मिळाले. मी घरी फोन केला, तर फोन आत्याने उचलला. मी आनंदाने आकडा सांगितला. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग अगदी सांत्वनाच्या सुरात प्रश्न आला:

"आउट ऑफ?"