नंबर प्लेट वाचणारा माणूस

लोह्यात नांदेड-लातूर रस्त्याकडेच्या कुठल्याही टपरीवर हा गृहस्थ भेटतो. बहुधा निवृत्त मास्तर, नाहीतर पतसंस्थेतला कारकून. खिशाला पेन, हातात एसटीचं तिकीट, त्याच्या पाठीवर आकडेमोड. लोक जीपमध्ये कोण बसलंय ते बघतात, हा नंबर प्लेट बघतो. 'एमएच २६' दिसलं की खुलतो: २५ हा वर्ग, २७ हा घन, आणि या दोघांत असा चेंगरलेला आकडा जगात एवढा एकच; गणिती फर्मानं सांगून ठेवलंय. लातूरची 'एमएच २४' आली की तिचाही मान राखतो: तीनपेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या घ्या, वर्ग करा, एक वजा करा, २४ नं भाग जाणारच. एव्हाना ऐकणाऱ्याचा चहा संपलेला असतो आणि याचा गार झालेला.

याला रिकामटेकडा म्हणायची गावाची रीत आहे. देवळालीच्या आकडेवेड्या द. रा. कापरेकर मास्तरांकडेही बरेच दिवस कोणी गांभीर्यानं पाहिलं नाही; १९७५ साली मार्टिन गार्डनरनं अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. पण प्रत्येक रिकामटेकडा कापरेकर नसतो, हा आक्षेप खराच आहे. म्हणून माझा मुद्दा वेगळा: आकड्यांच्या बाबतीत गावात फसवायला सगळ्यात अवघड माणूस हाच. ३१, ३३१, ३३३१ असं करत तो ३३३३३३३१ पर्यंत जातो. सगळ्या मूळ संख्या. आणखी एक तीन लावला की १७ नं भाग जातो, आणि हे तो स्वतःच, मिटक्या मारत सांगतो. याउलट, त्याला हसणारेच बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत पसंतीच्या नंबराचे पैसे भरतात. त्यांच्या नऊला १७ नं भागून बघायची कोणाची छाती नाही.

अशानं पोरं मटक्याला लागतील, असंही कोणी म्हणतं. पण ओपन विचारायला आलेल्याला हा म्हणतो, "कुठलेही चार अंक सांगा, फक्त सगळे सारखे नकोत." समजा, ३५२४. उतरत्या क्रमातून चढता वजा: ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. पुन्हा तेच, ८३५२. पुन्हा, ६१७४. आता कितीही करा, ६१७४ च. दुसऱ्यानं दुसरे अंक दिले तरी फार तर सात वजाबाक्यांत हेच. सगळ्यांना एकच आकडा लागला तर धंदा चालायचा कसा, असं पुटपुटत गिऱ्हाईक उठतं, आणि चहाचे पैसे मास्तरांच्या नावावर मांडून जातं.