फ्लॅट नं. 402 यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय फ्लॅट नं. 402,
चौथा मजला, लिफ्टसमोर,
गंगापूर रोड, नाशिक.

स. न. वि. वि.

पत्र थेट आपल्यालाच लिहितो आहे, कारण आपले मालक फोन उचलत नाहीत. ते पुण्यात असतात असं वॉचमन म्हणतो, अमेरिकेत असतात असं सेक्रेटरी म्हणतात. आपल्या दाराच्या हँडलवरचं बिल्डरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि वास्तुशांतीचं तोरण वाळून त्याच्या नुसत्या काड्या उरल्या आहेत. पझेशन घेऊन सात वर्षं झाली म्हणतात. एवढ्या काळात आपल्या नळाखाली कुणी तांदूळ धुतले नाहीत.

मी आपल्या खालच्या 302 मधला भाडेकरू. माझ्या घरमालकांनी नव्या कराराचं भाडं 15,000 वरून 19,000 वर नेलं आहे. कारण विचारलं, तर म्हणाले, ‘अहो, 2027 चा कुंभमेळा आहे ना!’ साधुग्राम तपोवनात बसतं अशी माझी आजवरची समजूत. पण आखाडेच आता सेमी फर्निश्ड टू बीएचके बघत गंगापूर रोडला येणार असतील, तर त्यांच्यापुढे माझी काय टाप?

म्हणून मी घर शोधतो आहे. इंदिरानगर झालं, पाथर्डी फाटा झाला, अशोका मार्गही पायाखालून गेला. एजंटचा पहिला प्रश्न ‘फॅमिली का बॅचलर?’, दुसरा ‘सर्व्हिस कुठं?’ आणि तिसरा, आवाज जरा मऊ करून, ‘आडनाव काय म्हणालात?’ त्या उत्तरावर काही फ्लॅट ‘कालच गेले’ असतात. अंबडच्या कारखान्यात माझ्याशेजारी काम करणाऱ्या मित्राचं नाव ऐकलं, की ते काल नव्हे, परवाच गेलेले निघतात. रात्री त्याच फ्लॅटच्या खिडक्या बघाव्यात, तर अंधार. गेले कुठं, देव जाणे.

आपल्याला यातलं काहीच विचारलं जात नाही. आपण सोसायटीचे आदर्श रहिवासी. आपल्याकडून बोंबलाचा वास येत नाही, पाहुणे येत नाहीत, पोरं जिन्यात क्रिकेट खेळत नाहीत, पार्किंग अडत नाही. मेंटेनन्स मात्र वेळच्या वेळी, ऑनलाइन. गेल्या वार्षिक सभेत पाण्याचा विषय निघाला, तेव्हा सेक्रेटरींनी ‘सगळे 402 सारखे असते तर टँकर लागलाच नसता’ असं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. मला सभेत बसायची मुभा नाही. जिन्यात उभं राहून ऐकलं.

शिवाय सरकारही आपल्याच बाजूचं दिसतं. सभासदानं फ्लॅट भाड्यानं दिला, तर सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते. 2001 च्या सरकारी आदेशानं त्याला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे, ती आमच्या सोसायटीनं कशीबशी पाळली आहे. म्हणजे माझ्या घरात चार माणसं राहतात म्हणून चार्जेस लागू, आणि आपल्यात झुरळसुद्धा उपाशी मरतं म्हणून आपल्याला माफ.

आपण एकटे नाही, हेही कबूल. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं रिकामी सापडली होती आणि त्यात पहिला नंबर महाराष्ट्राचा. अभिमान बाळगायला आपल्याकडे हेही आहे.

आपल्या मालकांची भीती मला कळत नाही असं नाही. जुन्या नाशकात, पंचवटीत अजून असे वाडे आहेत जिथं आजोबांच्या काळात ठरलेलं भाडं नातवाच्या हातात येतं आणि ते आणायला जाणाऱ्या रिक्षाचं भाडं त्याहून जास्त होतं. 1947 च्या भाडे कायद्यानं दर गोठवले, मालकांनी डागडुजी सोडली, भाडेकरूंनी जागा सोडली नाही, आणि आता पावसाळ्यात भिंत कोसळली की दोघंही पेपरात येतात. ते पाहून वाढलेला माणूस कुलूप लावणारच. पण तो काळ गेला हो! 1999 च्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर दुप्पट भाडं भरावं लागतं. मुदतीनंतर माझ्यासारख्याच्या बाजूनं कायद्यात जवळपास काही उरत नाही.

आणि गंमत बघा. याच कायद्यानं लेखी करार नोंदवणं सक्तीचं केलं आहे, जबाबदारी मालकाची, आणि चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड. करार लेखी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, असंही त्यातच आहे. तरी ‘भाडेकरू घर बळकावतील’ म्हणून रात्री दचकून उठणारा मालक सकाळी मला म्हणतो, ‘रजिस्टर कशाला? नोटरी करून टाकू.’ वाचवायचे किती? अकरा महिन्यांच्या भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाचशे-साडेपाचशे, आणि नोंदणी फी 1,000. एजंटला मात्र एक पूर्ण भाडं, 19,000, तक्रार न करता. अर्थात ते माझ्या खिशातून जातात, त्यामुळे तक्रार कोण करणार? डिपॉझिटचंही तसंच. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. एजंटला सांगून पाहिलं, तर त्यानं मी वकील आहे का विचारलं. वकिलांनाही म्हणे घर देत नाहीत.

खरं कारण भीती नसावीच. मालकांच्या हिशेबात भाडं म्हणजे चिल्लर. एवढा पैसा घालून वर्षाला दोन-तीन टक्के सुटणार, त्यासाठी माझे खिळे भिंतीत कोण ठोकून घेईल? कुणी न वापरलेला फ्लॅट दहा वर्षांनीही ‘ब्रँड न्यू’ म्हणून विकता येतो. आपली किंमत आपल्यात कुणी राहिलं नाही यातच आहे.

तरी एक विनंती. आपल्या बाल्कनीत कबुतरांची तीन बिऱ्हाडं आहेत. ना डिपॉझिट, ना पोलीस व्हेरिफिकेशन, ना आडनाव. दोन पिढ्या तिथंच वाढल्या. त्यांना काढा असं मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या मालकांना कसं पटवलं, ते विचारून कळवावं. रविवारी तीन फ्लॅट बघायला जायचं आहे.

आपला नम्र,
302 मधला भाडेकरू
(31 मे पर्यंत)

ता. क. सामान हलवताना भाडेकरूंनी लिफ्ट वापरू नये, असा नवा बोर्ड लागला आहे. आपल्याला लागू नाही.