सेलूपासून मोजलं तर

परदेश प्रवास आता फार स्वस्त झालाय असं सांगणारी माणसं बहुधा विमानतळापासून रिक्षाच्या टप्प्यात राहतात. चार दिवसांत बँकॉक, तीन रात्रींत हनोई, इतक्या हजारांत सगळं. हा सगळा हिशोब मुंबईच्या विमानतळाच्या दारात सुरू होतो आणि त्याच दारात संपतो. आमच्या सेलूच्या माणसाची त्या दाराशी पोचेपर्यंतच एक सहल होऊन जाते. तिचा खर्च मात्र कुठल्याच यादीत सापडत नाही.

हे मला कळलं ते पुतण्यामुळे. तो, बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला जाणारा त्याचा एक मित्र आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा दुसरा, अशी तिघांची बँकॉक समिती सध्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी भरते. समितीत सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली आहे. ती का झाली हे मी विचारलेलं नाही, पण चहाचे पैसे बहुतेक वेळा सल्लागारच देतो.

पहिला प्रश्न निघायचं कुठून, हा. नागपूरचा विमानतळ तसा आमच्याच रस्त्यावर. वर्धा रोडनं केळझर गेलं, बुटीबोरी गेलं की सोनेगाव. शहरात शिरायचंही काम नाही. पण नागपुरातून थेट परदेशी जायचं तर बहुतेक शारजा नाहीतर दोहा. “शारजाले जाऊन काय क्रिकेट पाह्याचं?” मोबाइलवाला म्हणाला आणि तो मुद्दा निकालात निघाला. मुंबईचं तिकीट स्वस्त दिसत होतं, पण पहाटेच्या विमानासाठी आदली रात्र मुंबईत काढायची म्हणजे बँकॉकच्या दोन रात्रींचे पैसे गेले. मग कोलकाता निघालं. वर्ध्याहून गीतांजली पकडायची, एक रात्र आणि वर अर्धा दिवस गाडीत काढायचा, हावड्याला उतरायचं, आणि तिथून बँकॉक फक्त अडीच तास. आपल्याच देशातून बाहेर पडायला इतका वेळ लागतो आणि परदेश इतक्या लवकर येतो, यात पुतण्याला काही विचित्र वाटलं नाही. स्लीपरचं तिकीट स्वस्त आहे, हे त्यानं वहीत लिहून घेतलं.

मी सल्लागार या नात्यानं काठमांडू सुचवलं. खरोखर स्वस्त परदेश तो. पासपोर्ट नको, व्हिसा नको, मतदान ओळखपत्र चालतं. आपल्या शंभर रुपयांचे तिथले एकशे साठ होतात आणि वर पशुपतिनाथाचं दर्शन. माझ्या वयाला साजेसा सल्ला होता. “काकाजी, नेपाळ म्हणजे परदेश थोडीच आहे! तिथं पासपोर्टवर शिक्काबी मारत नाईत.” शिक्का नसलेला परदेश तिघांनाही मंजूर नव्हता. आणि ज्यावर शिक्का मारायचा तो पासपोर्टही तोवर तिघांपैकी कुणाकडेच नव्हता.

छत्तीस पानी पासपोर्टची फी दीड हजार. मुदत दहा वर्षं, म्हणजे वर्षाला दीडशे रुपये. हा हिशोब मांडल्यावर वहिनींचा विरोध थोडा मावळला. दहावी पास असल्याचा दाखला जोडला की ‘ईसीआर’चा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागेल असा, शेरा टळतो. बुटीबोरीवाल्याची दहावीची गुणपत्रिका त्याच्या वडिलांनी आजवर फक्त त्याला टोचून बोलण्यासाठी वापरली होती. तिचा आयुष्यात पहिल्यांदा सन्मानानं उपयोग झाला. पोलीस चौकशीचा दिवस मात्र कठीण गेला. हवालदार तिघांच्याही घरी येऊन चहा पिऊन गेले आणि त्यानंतर आठवडाभर गल्लीतली प्रत्येक बाई वहिनींना हळू आवाजात विचारत होती, “पोरानं काय केलं वो?”

व्हिसाचं तसं बरं झालंय. २०२३च्या नोव्हेंबरात थायलंडनं आणि डिसेंबरात मलेशियानं भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट काढून टाकली. तेव्हापासून आमच्यासारख्या गावांतून बँकॉकचं नाव असं घेतलं जातं, जसं पूर्वी पचमढीचं घ्यायचे.

खरी पंचाईत तारखेची झाली. सगळे जाणकार सांगतात, पावसाळ्यात जा. जून ते सप्टेंबर तिकडेही पाऊस, त्यामुळे तिकिटं उतरतात, खोल्या उतरतात, गर्दी नसते. सांगणाऱ्याच्या घरी शेती नसावी. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी. त्या दिवसांत पोरगा ‘जरा बँकॉकला जाऊन येतो’ म्हणाला तर बाप त्याला धुऱ्यावरच उभा करील. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, हातात चार पैसे येतात, आणि नेमकं तेव्हाच तिकडचा हंगाम सुरू होऊन भाव चढायला लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे गुलाबी हवा. इकडे कापसाची वेचणी, तूर, चणा. जगाचा स्वस्ताईचा हंगाम आणि सेलूचा सवडीचा हंगाम यांची भेट होईना.

शेवटी उपाय सापडला तो उन्हाळ्यात. थायलंडमध्ये एप्रिल सर्वांत तापलेला महिना. तेरा ते पंधरा एप्रिल त्यांचा सोंगक्रान, नववर्षाचा पाण्याचा सण. तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही वर. तो सरला की गोरे पाहुणे उन्हाला भिऊन पांगतात आणि भाव खाली येतात. तिकडचे सदतीस-अडतीस अंश म्हणजे बाहेर पडू नका, असं एका माहितीत लिहिलं होतं. वर्ध्याचा मे सोसलेल्या तिन्ही पोरांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि टपरीवाल्यासकट सगळे हसले. पंचेचाळीस अंशांत बिनटोपीचं क्रिकेट खेळणाऱ्यांना ही शुद्ध सवलत होती. शेत रिकामं, भाव उतरलेला, ऊन ओळखीचं. सेलूपासून मोजलं तर बँकॉकला जायचा सर्वांत योग्य काळ एप्रिलचा शेवटचा आठवडा, हे ज्ञान मला तरी कुठे छापलेलं आढळलं नाही.

मग खर्चाची बारीक कलमं. एका बाथला अडीच-तीन रुपये. चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट वीस बाथच्या आत कुठेही नेते, म्हणून मुक्काम नदीच्या काठाला. राजवाड्याचं तिकीट पाचशे बाथ, आणि गुडघे उघडे असतील तर आत सोडत नाहीत. “पाचशेत बाहेरून पाहू,” मोबाइलवाला म्हणाला. जिथं जमेल तिथं चालायचं असंही ठरलं. मी सांगितलं की लंडनला बॅरिस्टरी शिकत असताना गांधीजींनी गाडीभाडं वाचवायला रोज आठ-दहा मैल चालायचा परिपाठ ठेवला होता आणि पुढे जेवणखर्च दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सवर आणला होता. सेवाग्राम इतकं जवळ असूनही पोरांना ही माहिती नवीन होती. बुटीबोरीवाल्यानं फक्त एवढंच विचारलं, “म्हणजे ते पोटभर खात होते काय?”

त्याच्या प्रश्नाला कारण होतं. तो दोघांचं जेवतो. खर्च तिघांत सारखा वाटायचा की भुकेप्रमाणे, यावर समितीत दोन दिवस तणाव होता. आमच्या शेजारचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी इकडची श्रद्धा. पांडव तिथे एका ब्राह्मणाच्या घरी फुकट मुक्कामाला होते, भिक्षा मागून आणत, आणि आलेल्या अन्नाचे दोन भाग होत: अर्धं भीमाला, अर्ध्यात बाकी सगळे. कुंतीनं हा वाद इतक्या सरळ सोडवला होता. तिचा निकाल मी समितीपुढे ठेवला. बुटीबोरीवाल्याला तो एकदम पटला. बाकी दोघांनी महाभारत जुनं झालंय असं मत नोंदवलं.

वहिनींनी यातून वेगळा मार्ग काढला: खायचं घरूनच न्यायचं. तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, वर्ध्याचा गोरसपाक. पण केबिनमध्ये सात किलोच नेता येतात. सामान खाली टाकायचं तर स्वस्त तिकिटात त्याचे पैसे वेगळे. ठेचा ओला, म्हणून तो शंभर मिलीच्या नियमात अडकतो. आणि सुकं खोबरं चेक-इनच्या सामानात चालत नाही, कारण त्यातलं तेल पेट घेऊ शकतं. हे ऐकून घरातल्या आजी थक्क झाल्या. जन्मभर फडताळात ठेवलेली वाटी स्फोटक होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सामानाचा हा ढीग पाहून मला पवनारची गोष्ट आठवली. सेलूहून वर्ध्याला जाताना धाम नदीच्या काठी ज्यांचा आश्रम लागतो, त्या विनोबांकडे सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण आशीर्वाद मागायला गेले होते. विनोबा तेव्हा पवनारला नव्हते, पदयात्रेत आसामात होते. अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असं पायी जायचं त्या दोघांच्या मनात होतं. विनोबांनी दोन गोष्टी सांगितल्या: शाकाहारी राहा, आणि जवळ पैसा ठेवू नका. पैसा असला की थकलेला माणूस हॉटेल शोधतो, झोपतो आणि सकाळी पुढे जातो. पैसा नसला की त्याला माणसांशी बोलावंच लागतं, असा त्यामागचा विचार. १९६२च्या जूनमध्ये दोघे राजघाटावरून निघाले. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्यानं शिदोरीच्या पुड्या बांधून दिल्या, तर सतीश कुमारांनी त्याही घेतल्या नाहीत. पलीकडची माणसं जेवू घालणार नाहीत, हा संशयच त्या पुड्यांत बांधलेला आहे असं त्यांचं म्हणणं. पलीकडे पाय ठेवताच लोक त्यांना घरी घेऊन गेले. जॉर्जियातल्या चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी चार पुडे दिले, चार अण्वस्त्रधारी राजधान्यांसाठी एकेक: बॉम्बचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा करून प्या. पॅरिसमध्ये तुरुंग झाला, समुद्र आडवा आला तिथे लोकांनी जहाजाचं तिकीट काढून दिलं, पण दोघे वॉशिंग्टनला पोचले.

हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा मिनिटभर कुणी बोललं नाही. मग वहिनींचा निरोप पोहोचवावा तसं पुतण्या म्हणाला, “आई म्हणते पुड्या न्यायच्याच.” मोबाइलवाल्याची शंका जास्त मूलभूत होती: “पैसे नव्हते तर चार्जिंग कुठी केलं असंन?” आणि तसं पाहिलं तर आता विनोबांचा मार्ग पहिल्याच खिडकीवर अडेल. परतीचं तिकीट दाखवा, मुक्कामाचा पत्ता दाखवा, पुरेसे पैसे दाखवा, असं अधिकारी विचारू शकतो. तिथे आम्ही माणसांच्या भरवशावर आलोय म्हटलं, तर पुढच्या विमानानं परत.

तरी काहीतरी रुजलं असावं. दुसऱ्या दिवशी वहीत फेरफार दिसले. तिघांची वेगळी खोली काटून आठ पलंगांची डॉर्मिटरी लिहिली होती. तिथे इतर देशांची पोरं भेटतील, बोलावं लागेल, असं पुतण्या म्हणाला; दर निम्मा होता हेही त्यानं लपवलं नाही. बुटीबोरीवाला इंग्रजीचा सराव म्हणून टपरीवाल्याला रोज ‘हाऊ मच’ विचारतो आणि टपरीवाला माझ्याकडे बोट दाखवतो.

आणि चौथ्या दिवसापुढे लिहिलं होतं: बिनपैशाचा दिवस. मला भरूनच आलं. मी म्हटलं, विनोबांसाठी एक अख्खा दिवस काढलात, मोठी गोष्ट आहे.

“त्याईच्यासाठी तं आहेच, काकाजी,” पुतण्या म्हणाला, “पन तसेबी चवथ्या दिवशी पैसे उरतच नाईत. तिनदा जोडून पाह्यलं.”