काहून पळून राहिले जी?

वर्धा जिल्ह्यात चालायला कारण लागत नाही, पळायला लागतं. चालण्याची आमच्याकडे परंपराच आहे, आणि ती इतकी जबर की एकवीस किलोमीटर पळून आलेल्या माणसाला मिरवायची सोयच उरलेली नाही. गांधीजी साठी ओलांडल्यावर साबरमतीच्या आश्रमातून दांडीला गेले, सुमारे ३८५ किलोमीटर, २४ दिवसांत. स्वराज्याशिवाय त्या आश्रमात परतायचं नाही म्हणून पुढे वर्ध्याला आले आणि १९३६च्या एप्रिलअखेरीस, डांबर पातळ करणाऱ्या आमच्या उन्हाच्या दिवसांत, मगनवाडीहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले तेही पायीच. विनोबांचं तर विचारूच नका. १९५१ साली नियोजन आयोगाशी बोलायला नेहरूंनी दिल्लीला बोलावलं, तर हा माणूस पवनारहून चालत निघाला आणि दोन महिन्यांनी पोचला. दोघांपैकी कोणाच्याही छातीवर नंबर नव्हता.

अशा दोघांच्या अंगणात मी माझी पहिली अर्धमॅरेथॉन उरकायची ठरवली: वर्धा, सेवाग्राम, पवनार आणि परत वर्धा. फेरी साधारण एकवीसच्या घरात जाते. कमी पडलं तर गावात एक चक्कर जास्त. स्पर्धेत नाव नोंदवलं नाही. एकटं पळण्यात मोठा फायदा म्हणजे पहिला नंबर नक्की असतो. आदल्या रात्री पळणाऱ्यांनी पिष्टमय पदार्थ भरपूर खावेत असं शास्त्र आहे. गोळाभात आणि त्यावर फोडणीचं तेल, यापुढे शास्त्राचंही काही चालत नाही.

जानेवारीतल्या पहाटे बूट बांधत होतो तर बायको आतून म्हणाली, "एवढे फिरूनच राहिले तं येताना सांबाराची जुडी आणजा." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

सेवाग्रामच्या रस्त्याला लागलो तोच पहिला दूधवाला शेजारी आला. गाडीला दोन्हीकडे कॅन, कानाला मफलर.

"काय झालं जी? घरी कोणी सिरीयस आहे काय?"

"नाही. पळून राहिलो."

"ते दिसून राहिलं. पण काहून?"

"तब्येतीसाठी."

हे उत्तर भलतंच महागात पडलं. "अरे बापा! काय झालं तब्येतीले? बसा मांगं, दवाखान्यात सोडून देतो." नको म्हटलं तरी आजारी माणसाला रस्त्यात टाकून जाणं त्याच्या मनाला पटेना. पहिल्या गिअरमध्ये, कॅन खडखडवत, तो थेट कस्तुरबा रुग्णालयापर्यंत माझ्या सोबत आला. फाटकाशी थांबला. मी सरळ पुढे गेलो. मागे वळून पाहिलं नाही, पण तो बराच वेळ तिथेच उभा असावा. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

लांब पळताना मधूनमधून साखर पोटात जावी लागते. त्यासाठी म्हणे जेलच्या पुड्या मिळतात. मी खिशात गोरसपाक ठेवला होता, वर्ध्याचा, गाईच्या तुपातला. खुर्चीवर बसून, चहात बुडवून खाल्ला तर त्याला तोड नाही. धापा टाकताना खाल्ला तर दात लागताच त्याचा भुगा होतो, अर्धा टाळूला चिकटतो आणि उरलेला श्वासाबरोबर भलत्या वाटेने निघतो. बापूकुटीकडे जाणाऱ्या सहलीच्या पोरांनी मला खोकताना पाहून अदबीने वाट करून दिली. एकाने तर हात जोडले.

पवनारच्या वाटेवर तूर उभी होती. कापूस वेचणाऱ्या बायांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत होत्या. "ओ भाऊ, मांगं कोण लागलं?" मी म्हटलं, कोणी नाही. तरी एकीने कमरेची ओटी सावरून हातात ढेकूळ घेतलं.

धाम नदी आली तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. वर आश्रम, खाली खडकांतून वाहणारं पाणी. इथे बसलो असतो तर उठलो नसतो. तेवढ्यात रस्त्याकडेला एक मावशी पाटी उतरवताना दिसली. सांबार! दवात भिजलेलं, मुळांना माती. दहाची नोट दिली, जुडी मुठीत धरली आणि नागपूर रोडने वर्ध्याकडे निघालो.

त्यानंतर मला कोणीही काही विचारलं नाही. ट्रकवाल्याने बाजू दिली. सायकलवरच्या एका आजोबांनी फक्त "पाव्हणे आले वाट्टे" म्हणून मान डोलावली. पळणाऱ्याच्या हातात सांबार असलं की सगळा खुलासा होतो. घरी भाजी चुलीवर आहे आणि माणूस धाडला आहे.

वर्ध्यात तर्री-पोह्याच्या गाडीपाशी पोचलो, फोनने बरोबर एकवीस दाखवले. संपलं असं वाटेल, पण नाही. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली. तेच ४२.१९५ किलोमीटर अंतर पुढे १९२१ मध्ये कायम झालं, आणि त्याचं निम्मं करताना आमच्या वाट्याला एकवीसवर साडेसत्त्याण्णव मीटर आले. इंग्रज जाताना हेही ठेवून गेले.

तेव्हा मी जुडी उंच धरून पोह्याच्या गाडीभोवती फेऱ्या मारू लागलो. गिऱ्हाइकांनी प्लेटा छातीशी घेतल्या. तिसऱ्या फेरीला गाडीवाल्याने झारा थांबवला, माझ्या हातातली जुडी ओढून घेतली, चिरून पोह्यांवर टाकली आणि म्हणाला, "एवढी काय घाई होती, बावा? माह्याकडं होतं ना."