नाव आमचे, कंत्राट तुमचे

प्राइमसाहेब,

तुम्ही मराठी आहात, उत्तर व्हर्जिनियातल्या एका मोठ्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसता, म्हणून हे पत्र मराठीत. तुमचे किंवा कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. तुमच्या जातकुळीचे इथे बरेच आहेत. ज्याला हे पत्र लागू पडेल, त्याने ते आपल्याच नावाने आले असे खुशाल समजावे.

गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत तुम्ही मला गाठलेत. ‘आपल्या लोकांना पुढे आणायला हवं. मोठं फेडरल टेंडर येतंय, तुम्हाला सब म्हणून घेतो,’ म्हणालात. म्हणजे मुख्य कंत्राटदार, प्राइम, तुम्ही; पोटकंत्राटदार, सब, मी. माझी कंपनी दहा-बारा माणसांची. आम्ही डेटाबेसची कामे करतो आणि एका सरकारी खात्याचे काम चोख केल्याचा शेरा आमच्या नावावर नोंदलेला आहे. तुम्हाला तो शेरा हवा होता. त्या दिवसांत माझा नंबर तुम्हाला तोंडपाठ होता. रात्री अकराला मेल यायचा : रेझ्युमे आमच्या टेम्प्लेटमध्ये बसवून सकाळपर्यंत पाठवा. आम्ही पाठवले. ताशी दर दिले, जुन्या कामाचे तपशील दिले, डेटा कसा हलवायचा याची तांत्रिक पाने लिहून दिली. मसुद्याचे एक पान तुम्ही मला दाखवलेत. आकृतीत तुमच्या चौकटीखाली आमचा लोगो होता, रंगीत, आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘महिलेच्या मालकीचा लघुउद्योग’.

कंत्राट मिळाल्याचे मात्र मला सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर वाचून कळले. मी फोन केला. म्हणालात, किकऑफ होऊ दे. तो झाला. मग म्हणालात, पहिली टास्क ऑर्डर येऊ दे. ती आली. मग बजेट घट्ट निघाले, पुढच्या वर्षी बघू. आणि एके दिवशी आमच्या एका इंजिनिअरला तुमच्या रिक्रूटरचा फोन आला. ज्या कामासाठी तुम्ही त्याचा रेझ्युमे आमच्याकडून नेलात, त्याच कामासाठी. गरज सरो, वैद्य मरो हे ऐकून होते. वैद्याचा कंपाउंडरही पळवायचा, ही भर तुमची.

‘धंदा आहे, असं चालतंच,’ हे तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. ते मला मान्य नाही, आणि ज्या सरकारचे पैसे तुम्ही घेता त्या सरकारलाही नाही. अमेरिकेत १९५३ साली लघुउद्योगांसाठी कायदा झाला, तेव्हाच ठरले की सरकारी खरेदीचा रास्त वाटा छोट्या कंपन्यांना मिळाला पाहिजे. आज थेट कंत्राटांच्या रकमेपैकी किमान २३ टक्के त्यांच्याकडे जावेत असे उद्दिष्ट आहे. २०२३ च्या आर्थिक वर्षात तो आकडा २८.४ टक्के होता, रक्कम १७८.६ अब्ज डॉलर. हे आकडे तुम्ही भाषणात सांगता. पण ते थेट कंत्राटांचे आहेत. बाकीचा मोठा ढीग तुमच्यासारख्यांच्या हातात जातो, आणि त्यातले छोट्यांच्या पदरात काय पडते ते तुमच्या दानतीवर अवलंबून राहते. तसे राहू नये म्हणून १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने बंधन घातले : ठराविक रकमेवरचे कंत्राट घेणाऱ्या मोठ्या कंपनीने पोटकंत्राटांची योजना लेखी द्यायची, कोणत्या गटातल्या लघुउद्योगांना किती टक्के देणार ते लिहायचे. अनेक टेंडरांत त्याला गुणही असतात. आमचा लोगो तुम्ही रंगीत छापलात तो या गुणांसाठी.

२०१० च्या कायद्याने तर तुमच्याच सवयीवर बोट ठेवले. छोट्या कंपनीचे नाव, तिचे दर किंवा तिचे कौशल्य वापरून प्रपोजल बनवले असेल, तर त्याच प्रमाणात आणि त्याच दर्जाने तिला काम देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा. दिले नाही, तर का दिले नाही ते कंत्राट अधिकाऱ्याला लेखी कळवायचे. पोटकंत्राटदाराने पैशांबद्दल किंवा कामाबद्दल त्या अधिकाऱ्याशी बोलू नये, अशी अट घालायलाही नियमाने मनाई आहे. म्हणजे ‘क्लायंटशी परस्पर बोलायचं नाही’ असे तुमच्या माणसाने मला बजावले, ते बजावण्याचा त्याला अधिकार नव्हता.

कारण सांगणारे ते पत्र कंत्राट संपल्यावर तीस दिवसांत द्यायचे असते. कंत्राट पाच वर्षांचे असेल तर पाच वर्षांनी. तोवर माझी कंपनी टिकली तर मी ते वाचेन. त्यात तुम्ही काय लिहिणार? कंपनी बंद पडली? ती चालू आहे. कंपनीला काम जमत नव्हते? मग तिचा शेरा तुम्ही प्रपोजलमध्ये का जोडलात?

‘आपल्यात टीमिंग अग्रीमेंट झालंय, काळजी करू नका,’ असे तुम्ही मला सांगितले होते. एकत्र टेंडर भरण्याच्या त्या कराराची व्हर्जिनियात काय किंमत आहे, हे तुमच्या वकिलांना पक्के माहीत होते. सायबरलॉक नावाच्या कंपनीचा खटला इथल्या फेडरल कोर्टात २०१३ साली निकाली निघाला. करारात लिहिले होते की कामाचे ५१ टक्के प्राइमचे, ४९ टक्के पोटकंत्राटदाराचे. प्राइमला कंत्राट मिळाले, दोघांची बोलणी फिसकटली, आणि कोर्ट म्हणाले की हा पुढे कधीतरी करार करण्याचा करार आहे, तो बंधनकारक नाही. २०१४ मध्ये अपिलातही तेच कायम झाले. २०१६ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाव्हार कंपनीच्या खटल्यात तीच दिशा धरली. एकोणपन्नास टक्के पांढऱ्यावर काळे असून हाती शून्य. आपल्या कराराच्या मसुद्यात ‘पुढे परस्पर संमतीने ठरवण्यात येईल’ हे वाक्य ज्याने घातले, त्याने हे निकाल वाचले होते. ते वाक्य चुकून आलेले नाही.

सरकारशी माझा करार नाही, तुमचा आहे, त्यामुळे सरकारवर मला दावा लावता येत नाही. तुमच्यावर लावावा तर कोर्ट हा कागद बाजूला सारते. राहतो तो कंत्राट अधिकारी. अमेरिकी सरकारच्या जीएओ या तपासणी संस्थेने २०२० साली २६ कंत्राटे नमुन्याला घेऊन पाहिली. जवळपास निम्म्या कंत्राटांत, पोटकंत्राटांचे अहवाल नियमाप्रमाणे आले की नाही याची अधिकाऱ्यांनी खातरजमाच केलेली नव्हती. योजना पाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला नाही, तर जितकी रक्कम कमी पडली तितकी भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. पण अहवालच कोणी वाचत नसेल, तर ती तरतूद कोणाला घाबरवणार? तुमचा सगळा धीटपणा या ढिलाईवर उभा आहे.

कामाचे प्रमाण कधी कधी खरोखर घटते, हे मला कळते. सरकार टास्क ऑर्डर कमी करते, काम मध्येच थांबवते, कधी पोटकंत्राटदारच कमी पडतो. असे झाले तर समोर बसून सांगावे, आकडे दाखवावेत. मी ऐकून घेतले असते. तुम्ही फोन उचलणे बंद केलेत.

बुडाले ते पैसे मी दुसऱ्या कामातून भरून काढीन. खरे नुकसान वेगळे आहे. सरकारी काम मिळवायचे तर आधी केलेल्या कामाचा दाखला लागतो, आणि छोट्या कंपनीला तो दाखला मिळण्याची वाट बहुतेक वेळा पोटकंत्राटातूनच जाते. तुम्ही ती वाट अडवलीत. आमची माणसे जे काम करून दाखवणार होती, त्याचा शेरा आता तुमच्या नावावर जमा होईल. पुढच्या टेंडरात तुम्ही तोच शेरा घेऊन आमच्यासमोर उभे राहाल. शिवाय ज्या अधिकाऱ्यांनी आमच्या इंजिनिअरांचे रेझ्युमे वाचून तुम्हाला गुण दिले, त्यांना दुसरीच माणसे मिळाली. ही फसवणूक माझ्या एकटीची नाही, करदात्यांचीही आहे.

आता मला बोलायचे आहे ते या कामात नवे उतरलेल्या मराठी उद्योजकांशी, मग ते हर्नडनमध्ये असोत, एडिसनला असोत की टेक्सासमध्ये. टीमिंग अग्रीमेंटवर सही करण्याआधी पोटकंत्राटाचा पूर्ण मसुदा त्याला जोडून घ्या. कोणते काम, किती वाटा, कोणता दर, किती दिवसांत पैसे, हे त्यात लिहिलेले हवे. तुमची माणसे फोडणार नाही, हे कलमही हवे. ते होईपर्यंत एकही रेझ्युमे पाठवू नका. प्रपोजलमध्ये पोटकंत्राटदार म्हणून तुमचे नाव घालण्याआधी तुम्हाला लेखी कळवणे प्राइमवर बंधनकारक आहे, ते पत्र मागून घ्या. पोटकंत्राटदार म्हणून काम केलेत तर ते संपल्यावर तीस दिवसांत प्राइमकडे कामगिरीचा शेरा मागा. पोटकंत्राट योजना असलेल्या कंत्राटात त्याने तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो आणि पुढच्या टेंडरला तो चालतो. २०२२ पासून हा नियम आहे, तरी कित्येकांना त्याचा पत्ता नाही. एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर नावाची केंद्रे जवळपास सगळ्या राज्यांत आहेत. टेंडर कसे वाचायचे, नोंदणी कशी करायची याचा सल्ला तिथे सहसा फुकट मिळतो. प्रत्येक मोठ्या खात्यात लघुउद्योगांचे स्वतंत्र कार्यालय असते. तिथे जाऊन बसा, नावे माहीत करून घ्या. आणि समोरचा मराठी आहे, गणपतीत भेटला, एवढ्यावर सही करू नका.

प्राइमसाहेब, या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या-माझ्या सगळ्या मेलसह कंत्राट अधिकाऱ्याकडे आणि त्या खात्याच्या लघुउद्योग कार्यालयाकडे मी पाठवली आहे.

कळावे,
तुमच्या प्रपोजलमधली पोटकंत्राटदार