अनावृत पत्र: वजनकाट्याच्या साहेबांस

मा. गेट-साहेब,
वजनकाट्याशेजारी, नैरोबी विमानतळ, यांस

सा. न. वि. वि.

आपल्याला मराठी येत नाही हे पत्रलेखकाला ठाऊक आहे, म्हणूनच इतक्या मोकळेपणानं लिहायचं धाडस होतंय. पत्रलेखक पुण्याचा, पेशानं छायाचित्रकार. मसाई मारात आठ दिवस धूळ खाऊन घरी परतत होता. आपण त्याला विसरला असाल. गळ्यात दोन कॅमेरे, जाकिटाचा एकूण एक खिसा फुगलेला, काखेत आणखी एक लेन्स, असा पोळ्याच्या बैलासारखा सजून विमानात चढलेला इसम तो हाच. सजवलंत आपणच.

आपल्या काट्यावर त्याची बॅग ११.२ किलो भरली. मर्यादा ७ किलोंची. गुन्हा कबूल. आता हिशेब ऐका. निकॉनची ६०० मिमीची लेन्स एकटीच ३,२६० ग्रॅम, वर तिचं हूड. झेड ९ कॅमेरे दोन, बॅटरीसह प्रत्येकी १,३४० ग्रॅम. एक १००-४०० लेन्स, चार जादा बॅटऱ्या, चार्जर. आणि रिकामी बॅगच अडीच किलो, कारण आत जाड फोम नसेल तर तिला बॅग न म्हणता भाजीची पिशवी म्हणतात. सात किलोंत बसायचं तर मोठी लेन्स घरी ठेवावी आणि सिंहाला जरा पुढे बोलवावं, एवढाच मार्ग उरतो.

तर आपण बॅग विमानाच्या पोटात धाडायचं ठरवलंत. पट्टी छापून मुठीला बांधलीत आणि मग विचारलंत, ‘आत लिथियम बॅटऱ्या आहेत?’ या प्रश्नाबद्दल आपल्याला शंभर गुण. सुट्या बॅटऱ्या सामानकक्षात टाकायच्या नाहीत, हा नियम जगभर आहे आणि तो उगाच नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून उडालेल्या मालवाहू ७४७ विमानाला आग लागली, मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, दोन्ही वैमानिक गेले. पत्रलेखकानं निमूटपणे चारही बॅटऱ्या खिशात घातल्या. मग दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवले. मग लहान लेन्स काखेत मारली. आणि मग, केवळ सहज म्हणून, बॅग पुन्हा काट्यावर ठेवली.

६.१ किलो.

आपण काट्याकडे पाहिलंत. मग मागे टॅब्लेट घेऊन उभ्या असलेल्या आपल्या वरिष्ठांकडे. वरिष्ठ म्हणाले, पट्टी छापली गेली आहे, सिस्टिममध्ये नोंद झाली आहे, बॅग खालीच जाईल.

साहेब, पाच किलो शंभर ग्रॅम माल बॅगेतून निघून पत्रलेखकाच्या अंगावर चढला, आणि पत्रलेखक त्याच विमानात चढला. विमानाला कुठे फरक पडला? आठच दिवसांपूर्वी, आपल्याच गावच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात सगळं मिळून १५ किलो चालतं, बॅग मऊ हवी, जास्त असेल तर आधी सांगा आणि पैसे भरा, असं त्याला सरळ सांगितलं गेलं होतं. त्यानं भरले. तिथे वजन म्हणजे वजनच असतं. आपल्या गेटवर वजन म्हणजे मुठीला बांधलेला कागद. याला नियम म्हणत नाहीत, साहेब. याला चावटपणा म्हणतात! लेन्स बसेल एवढी जागा पत्रलेखकाच्या डोक्यावरच्या कप्प्यात मुंबईपर्यंत रिकामी होती. त्यानं कप्पा तीनदा उघडून पाहिला.

लेन्स आता वाजते. निकॉनच्या या लेन्सा कॅमेऱ्यापासून सुट्या असताना आतून किंचित टकटक करतात, तो आवाज वेगळा. ही खुळखुळ्यासारखी वाजते.

खरी गंमत यापुढे आहे. विमान कंपनीच्या अटींच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की कॅमेरे आणि नाजूक, मौल्यवान वस्तू तपासणीच्या सामानात देऊ नयेत, दिल्यास जबाबदारी आमची नाही. देऊ नयेत म्हणणारी कंपनी तीच आणि द्याच म्हणून हातातून ओढून घेणारीही तीच. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार भरपाई मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून तिची कमाल मर्यादा १,५१९ ‘एसडीआर’, म्हणजे ढोबळमानानं दोन हजार डॉलर. पत्रलेखकाच्या लेन्सची किंमत एका बऱ्यापैकी चारचाकीएवढी आहे. मर्यादा वाढवून हवी असेल तर सामान सोपवतानाच किमतीची खास घोषणा करून जादा शुल्क भरायचं, असंही करारात आहे. गेटवर, बोर्डिंगची शेवटची हाक चाललेली असताना, ते नक्की कोणत्या खिडकीवर भरायचं होतं? तक्रार मात्र सात दिवसांच्या आत, लेखी.

वादकांचं नशीब बरं. कॅनडाचा डेव्ह कॅरोल २००८ मध्ये युनायटेडच्या विमानानं निघाला, वाटेत शिकागोत त्याची गिटार मोडली. त्यानं बरेच महिने पत्रव्यवहार केला आणि २००९ मध्ये गाणंच रचून यूट्यूबवर टाकलं. जगानं ते पाहिलं. २०१२ मध्ये अमेरिकेनं कायदाच केला की जागा असेल तर वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावं. छायाचित्रकारासाठी असा कायदा नाही, आणि मोडलेल्या लेन्समधून निषेधाचा फोटो धूसर येतो.

बाकीच्या तक्रारी आपल्याशी संबंधित नाहीत, म्हणून एका ओळीत. विम्यात बारीक अक्षरं तेवढीच आहेत. आणि बार्सिलोनात खांद्यावर सॉस सांडून तो पुसायला धावणाऱ्या भुरट्यांबद्दल पत्रलेखकाचं मत हल्ली सुधारलं आहे. त्यांना माल पुढे विकायचा असतो, त्यामुळे ते निदान लेन्स आपटत तरी नाहीत.

आता जे लिहायचं नव्हतं ते. आपल्या शर्टावर विमान कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्याशा कंत्राटदार कंपनीचं होतं. पहाट व्हायला आली होती, तुमच्यासाठी खुर्ची कुठेच दिसत नव्हती, आणि पत्रलेखकाच्या आधीची बाई तुमच्यावर ओरडून गेली होती. पत्रलेखकही ओरडला. तुम्ही काचेच्या पेल्याचं चित्र असलेला चिकटपट्टा दोनदा गुंडाळलात, हळूच ‘पोले साना’ म्हणालात. याचा अर्थ ‘फार वाईट वाटतं’ असा होतो, हे माराच्या ड्रायव्हरनं शिकवलं होतं. मग बॅग दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरलात, मूल उचलावं तशी. काचेतून दिसत होतं. खाली कुणीतरी ती एका हातानं तुमच्याकडून घेतली.

कळावे,
गळ्यात दोन कॅमेरेवाला

ता. क. जाताना मुंबईच्या कस्टम्सकडून पत्रलेखकानं सगळ्या सामानाचे क्रमांक लिहून निर्यात प्रमाणपत्र घेतलं होतं, परतताना आपलीच लेन्स बाहेरून आणलेली ठरू नये म्हणून. त्यासाठी रात्री दोन वाजता तासभर उभा होता. परतल्यावर बॅग पहिल्यांदा उघडली ती त्या टेबलावर. अधिकाऱ्यांनी चष्मा लावून एकेक आकडा कागदाशी ताडला. सगळे जुळले. मग त्यांनी लेन्स उचलली, कानाशी नेऊन हलवली, आणि एक शब्द न बोलता शिक्का मारला.