कमरेवरचा हात

हा गृहस्थ तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. चहा डाव्या हाताने पितो, नमस्कार एका हाताने उरकतो, आणि लग्नात त्याच्या निम्म्या अक्षता पुढच्या माणसाच्या कॉलरमध्ये पडतात, कारण उजवा हात दर दोन मिनिटांनी कमरेवर जाऊन येतो. शर्टाखाली, पट्ट्याच्या जरा मागे, मुठीएवढा उंचवटा असतो. तो जागेवर आहे ना, याची हाताला खातरजमा करायची असते. आदिलाबादच्या कापूस बाजारात, जैनथच्या किंवा बेल्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलात हा पटेल नाहीतर सेठ भेटतोच. नुकतंच त्याने बत्तीस बोअरचं छोटं पिस्तूल घेतलेलं असतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही असं नाटक अख्ख्या मंडलाला करावं लागतं. खरी गोम अशी की शस्त्राच्या नावाखाली त्याने दागिना खरेदी केलाय. हे एकदा मान्य केलं की त्याच्या वागण्यातला सगळा चक्रमपणा शिस्तीत बसतो.

खरेदीपासूनच पाहा. कलेक्टरकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, या सगळ्यात लग्न जुळवण्याइतकी ये-जा होते. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य माणसाला वर्ज्य, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयातही बंद झाली. मग उरतं ते बत्तीस बोअर, म्हणजे ब्राउनिंगने १८९९ साली बेतलेल्या काडतुसाचं. इछापूरच्या सरकारी कारखान्यात या मापाचं जे पिस्तूल बनतं त्याचं नाव ‘अशनी’, म्हणजे इंद्राचं वज्र. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, कोटाच्या खिशात मावेल अशा काडतुसाला हे नाव म्हणजे शेळीला ऐरावत म्हणण्यासारखं. पण दागिन्याला नाव भारदस्त लागतंच. सरकारनेही त्याची जात बरोबर ओळखली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, आणि त्याच पंगतीला गॅसवाली थंड पेयं बसली आहेत. पटेलांना हे सांगून पाहा. ते काही बोलणार नाहीत, हात मात्र कमरेवर जाईल.

घरी आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस मात्र खरोखर प्रेक्षणीय. रिव्हॉल्व्हर साधं असतं, गरगर फिरणारं चक्र आणि त्यात गोळ्या. सेमी-ऑटोमॅटिकचा संसार मोठा. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग स्लाइडला पुन्हा पुढे ढकलते आणि जाता जाता मॅगझिनमधली पुढची गोळी आत ओढली जाते. अशा लहान पिस्तुलात बहुधा स्लाइडला अडवून धरणारी वेगळी कडी नसते. सगळा भार तिच्या वजनावर आणि स्प्रिंगवर, म्हणून स्प्रिंग ताठ. कापसाच्या गाठी उचललेल्या पंजालाही ती स्लाइड पहिल्या दिवशी दाद देत नाही. मनगट सैल धरलं तर पुंगळी अर्ध्यातच अडकते, पण हे कळायला आधी गोळी झाडावी लागते, आणि गोळ्या महाग. तेव्हा सगळा सराव साफसफाईचा. दिवाणावर वर्तमानपत्र, जुना टूथब्रश, शिलाई मशीनचं तेल. माहितीपुस्तिकेतल्या तिसऱ्या चित्रापाशी स्प्रिंग सुटते, भिंतीला लागून शेजारच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात पडते, आणि मग अख्खं घर ते वज्र शोधायला कापूस पिंजत बसतं. जो माणूस बाजारात बोटांनी चिवडून कापसातला ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे की खाली हे ओळखतो, तो आता पिस्तुलाला दमट हवा लागू नये म्हणून नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या जमवतो. असले लाड घरात आजवर फक्त मंगळसूत्राचे आणि जावयाचे झालेले असतात.

दागिन्याप्रमाणेच हे पिस्तूल वापरण्यापेक्षा ठेवण्यात जास्त असतं. दसऱ्याला आपट्याची पानं आणि जम्मीची, म्हणजे शमीची, पानं एकाच ताटात ठेवणारा हा मुलूख. विळा, तराजू आणि ट्रॅक्टरच्या शेजारी पिस्तुलालाही हळदीकुंकू लागतं, झेंडूची एखादी पाकळी नळीत शिरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टूथब्रश. यात्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव, शाळा-कॉलेजचं आवार, इथे हत्यार न्यायचं नाही ही परवान्याचीच अट. म्हणजे केसलापूरच्या नागोबाला आणि जैनथच्या जत्रेला पटेल मोकळ्या कमरेने. परवाना तेलंगणापुरता असेल तर पांढरकवड्याच्या सोयऱ्यांकडे जाताना पैनगंगेच्या पुलाअलीकडेच ताटातूट. आणि निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो, हत्यार जमा करा. २०२३ च्या ९ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा झाली, ३ डिसेंबरला निकाल. २०२४ च्या १६ मार्चला लोकसभेची घोषणा, ४ जूनला निकाल. त्या २३९ दिवसांपैकी १३५ दिवस आचारसंहितेचे. बँकांचे पहारेकरी आणि नेमबाज खेळाडू यातून सुटतात, पटेल सहसा सुटत नाहीत. म्हणजे निम्म्याहून जास्त काळ पिस्तूल पोलिसांच्या कपाटात आणि पटेलांच्या खिशात पावती. तरीही हात कमरेवर जायचा तो जातोच. नागोबाच्या दारात जातो, पुलापलीकडे जातो, जमा-पावती खिशात असतानाही जातो.

यावर पटेलांची बाजू घेणारे म्हणतील, थट्टा सोपी आहे, कापसाच्या हंगामात रोकड घेऊन रात्री गावी परतून दाखवा. मुद्दा रास्त आहे. खासगी व्यापाऱ्याकडे अजून नगदीची सवय आहे. पण सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, घातलेल्या कापसाचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात, आणि खाती लुटणारा चोर फोनवरून येतो, त्याच्यावर कुठलंही बोअर चालत नाही. शिवाय रस्त्यातला चोर थांबणार किती? वर सीटबेल्ट, त्याखाली शर्ट, त्याखाली बनियन, त्याखाली पाऊच. चोरालाच गाडीचा दिवा लावायला सांगावं लागेल. घरी तर पिस्तूल एका कपाटात, मॅगझिन दुसऱ्यात, आणि दोन्हीच्या चाव्यांचा जुडगा पटेलीणबाईंच्या कमरेला. घरातलं हत्यारबंद माणूस कोण, हे यावर ठरवावं. दुसरा आक्षेप जनावरांचा. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूर-तामसीच्या शिवारात येतात आणि रानडुकरं पिकाचा चुराडा करतात, हे खरंच आहे. पण बत्तीस बोअरने रानडुकराचा फक्त राग वाढेल, आणि वाघावर रोखलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा पटेलांनाच पिंजऱ्यात घालील. तिसरा आक्षेप जुन्या दहशतीचा, जंगलातल्या नक्षलवादी दलमच्या काळाचा. त्या काळात घरात हत्यार असणं हेच दलमला आमंत्रण होतं, कारण त्यांना आधी हवं असायचं ते हत्यार.

दागिन्याच्या या हिशेबात एक खोट आहे, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. पाटल्या-बांगड्यांना घोडा नसतो. २०२० च्या १८ डिसेंबरला आदिलाबाद शहरातल्या ताटीगुड्यात मुलांच्या क्रिकेटवरून पेटलेल्या भांडणात एका स्थानिक पुढाऱ्याने परवान्याच्या हत्यारातून गोळ्या झाडल्या. एक माणूस गेला, आणि २०२२ च्या जानेवारीत पुढाऱ्याला जन्मठेप झाली. गोळीबाराच्या आदल्याच वर्षी शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन आनंदाच्या भरात गोळी झाडण्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली होती. रागाच्या भरात झाडणाऱ्याला कायदा वाचायला सवड नसते. या जिल्ह्याने बंदूक बहुतेक वेळा नळीच्या पुढच्या बाजूने पाहिली आहे. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला, १९८१ च्या २० एप्रिलला इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला, आणि सरकारी मोजणीतच १३ मेले. इंद्रवेल्लीच्या स्मृतिस्तंभावरून पुढे केसलापूरच्या यात्रेला जाताना आपली कमर रिकामी आहे याची चुटपुट पटेलांना लागते. ती लागू नये, असं मला वाटतं.

तरी एक कबूल केलं पाहिजे, जरा नाखुशीनेच. ताटीगुड्याचा तो माणूस आणि हा पटेल एकाच यादीत असले तरी एका जातीचे नाहीत. पटेल पुलाअलीकडे पिस्तूल ठेवतो, कोणी तपासणार नसतं तरी. निवडणुकीची बातमी टीव्हीवर आली की निरोपाची वाटही न पाहता ठाण्यात जातो, नूतनीकरणाची तारीख त्याला लग्नाच्या वाढदिवसाआधी आठवते. आणि तो हात बत्तीस बोअरपेक्षा फार जुना आहे. त्याच्या आजोबांच्या पिढीत कापूस विकून बैलगाडीने परतणाऱ्याच्या धोतरात, कमरेला, निजामाच्या हाली रुपयांचा कसा असायचा, आणि वाटेवर दर दोन मिनिटांनी हात तिथे जायचा. वर्षभराचं बियाणं, पोरीचं लग्न, सावकाराचं व्याज, सगळं त्या मुठीएवढ्या उंचवट्यात. आता पैसे खात्यात जातात, मोबाइलवर मेसेज येतो, पोरं हैदराबादला. कमरेला जपण्यासारखं काही उरलेलंच नाही, आणि हाताला ते कोणी सांगितलेलं नाही.

निकालानंतर आठवड्याभराने ठाण्यात गेलात तर पटेल बाकावर दिसतील, हातात घडी घालून घालून मऊ पडलेली पावती. आतला जमादार रजिस्टर उघडून पिस्तुलाचा नंबर वाचायला लागतो आणि पटेल तो त्याच्या आधी, न बघता म्हणून दाखवतात. नातवाचा फोन नंबर त्यांना येत नाही. मग जमादार कपाटाची चावी शोधायला उठतो. वर पंखा करकरत असतो, डावा हात सहीच्या जागेवर टेकलेला असतो, आणि उजवा कमरेवर.